ईजाज : कमी शब्द, पुरता अर्थ

आपल्या मोहल्ल्यात एजाज नावाचा एखादा तरुण असतोच. एजाज म्हणजे समोरच्याला अवाक करणारी गोष्ट, चमत्कार. अरबीत त्याच्यासारखाच ऐकू येणारा दुसरा शब्द आहे, 'ईजाज'. उर्दूत लिहिताना पहिल्यात 'ऐन' येतो, दुसऱ्यात 'ये'. देवनागरीत मात्र फरक उरतो तो एका स्वराचा. म्हणून पुष्कळदा दोन्हींची गल्लत होते. ईजाज म्हणजे थोडक्या शब्दांत पुरता अर्थ सांगणे. संक्षिप्त या अर्थाचा 'वजीज' हा शब्दही त्याच धातूचा.

अब्बासी काळात ही कला दरबारात फार मानली जाई. खलिफा हारून रशीद (राज्यकाल ७८६ ते ८०९) याच्यापुढे अर्ज येत, आणि वजीर जाफर बर्मकी त्यांवर एखाद-दुसऱ्या ओळीचा शेरा लिही. त्याला 'तौकीअ' म्हणत. भाषेचे जाणकार हे शेरे मिळवण्यासाठी धडपडत. एकेक शेरा एकेका दीनारला विकला जाई असे म्हणतात, अशी नोंद इब्न खल्दूनने केली आहे. या शेऱ्यात निकाल तर असेच, शिवाय अर्जदाराला तो कळेही.

पुढे अलंकारशास्त्रकारांनी यालाच नियमाचे रूप दिले. खतीब कझवीनी (मृत्यू १३३८) याच्या 'तलखीसुल मिफ्ताह' या ग्रंथात बोलण्याची तीन मापे येतात : अर्थाइतकेच शब्द ते मुसावात, कारणाने वाढवलेले शब्द ते इतनाब, आणि कमी शब्द तो ईजाज. मात्र ईजाजला एक अट आहे. अर्थ पुरता पोहोचला पाहिजे. तो अर्धवट राहिला तर त्याला ईजाज म्हणायचे नाही. तो 'इखलाल', म्हणजे दोष. झोपेत 'खलल' पडली असे आपण घरात म्हणतो, तो शब्द याच मुळाचा.

ही अट पाळणे किती कठीण, हे फिक्हच्या ग्रंथांवरून दिसते. कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई पंथाचे. त्यांच्या फिक्हच्या परंपरेतलेच हे उदाहरण. इमाम गझाली (मृत्यू ११११) यांनी शाफई फिक्हवर तीन ग्रंथ लिहिले : विस्तृत 'बसीत', मध्यम 'वसीत' आणि आटोपशीर 'वजीज'. पुढे वजीजचा अर्थ उलगडण्यासाठी इमाम राफई (मृत्यू १२२६) यांनी अनेक खंडांचे भाष्य लिहिले. ते भाष्य मोठे झाले, म्हणून इमाम नववी (मृत्यू १२७७) यांनी 'रौजतुत्तालिबीन'मध्ये त्याचा संक्षेप केला. म्हणजे संक्षेपावर विस्तार आणि विस्ताराचा पुन्हा संक्षेप!

इब्न खल्दूनने १३७७ मध्ये लिहिलेल्या 'मुकद्दमा'त या प्रथेवर सरळ बोट ठेवले. संक्षिप्त ग्रंथांचा सुकाळ शिक्षणात खलल आणतो, असे त्याने एका प्रकरणाच्या शीर्षकातच म्हटले, आणि फिक्हमध्ये इब्नुल हाजिब व व्याकरणात इब्न मालिक यांची उदाहरणे दिली. पाठ करणे सोपे व्हावे म्हणून ग्रंथ आवळले, पण विद्यार्थ्याचा वेळ दाटीवाटीने बसवलेल्या शब्दांच्या गाठी सोडवण्यातच गेला, असे त्याचे म्हणणे. कझवीनीच्या 'इखलाल'चाच धातू त्याने इथे वापरला आहे.

नमाज लांब आणि खुत्बा आटोपशीर असणे ही माणसाच्या समजेची खूण, अशा आशयाची पैगंबर (स.) यांची हदीस हजरत अम्मार (र.) यांच्याकडून 'सहीह मुस्लिम'मध्ये आली आहे. खुत्बा आटोपशीर हवा, तो ऐकणाऱ्याला कळावा म्हणून. अनेक मशिदींत खुत्बा अरबीत होतो आणि शेवटच्या सफेतला माणूस न समजताच उठतो. पाच मिनिटांचा असला, तरी त्या माणसापुरता तो इखलालच ठरतो. दीनची गोष्ट मराठीत सांगा, असे आपण म्हणतो तेव्हा काही लोकांना ती नवी टूम वाटते. वास्तविक ती या जुन्या शब्दाची जुनीच अट आहे. शब्द किती वापरले हे बोलणाऱ्याने मोजावे; अर्थ पोहोचला की नाही, हे मात्र ऐकणाराच सांगू शकतो.