पुस्तकातला प्रथमोपचार आणि मैदानावरचा

एप्रिल संपत आला आहे. अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या एखाद्या मैदानावर कबड्डीचा सराव चालू आहे. आतापर्यंत धावत असलेला मुलगा एकाएकी कोसळतो. भोवती गर्दी जमते. कोणी कांदा फोडून नाकाशी धरतो, कोणी पाण्याचा पेला तोंडाला लावू पाहतो, कोणी गाडी शोधायला पळतो. याच गर्दीत शारीरिक शिक्षणाचा एक विद्यार्थी उभा आहे. प्रथमोपचाराच्या पेपरात त्याला चांगले गुण मिळाले होते. पण ते सगळे त्याने फक्त लिहिलेले आहे, हातांनी कधी केलेले नाही. तो काय करील?

हा प्रश्न वऱ्हाडात विचारायला एक कारण आहे. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 साली वैद्य बंधूंनी सुरू केले. 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी मंडळाच्या चमूने तिथे भारतीय खेळांची आणि व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके दाखवली होती. या मंडळात शारीरिक शिक्षण शिकून बाहेर पडलेले कितीतरी शिक्षक गावोगावच्या शाळांत गेले. अशा शिक्षकाच्या मैदानावर डॉक्टर नसतो. पहिली काही मिनिटे त्याचीच असतात.

जुन्या तालमीत हे काम वस्तादाकडे असे. मुरगळलेला पाय, निखळलेला खांदा तो हातानेच जोखत असे आणि चेलाही ते पाहून, हात लावून शिके. या पद्धतीचे बळ असे की हाताला लगेच उत्तर मिळते. खांदा जागेवर बसला की नाही ते तिथल्या तिथे कळते. तिची मर्यादाही इथेच आहे. दबलेली नस किंवा फाटलेली रक्तवाहिनी हाताला उत्तर देत नाही. जे कळत नाही, ते वर्षानुवर्षे चुकीचे केले तरी चूक उघडकीला येत नाही.

नेमके हेच पुढे शास्त्रीय म्हणवणाऱ्या प्रथमोपचारातही घडले.

सामान्य माणसांना पद्धतशीरपणे प्रथमोपचार शिकवण्याची कल्पना फार जुनी नाही. इंग्लंडमध्ये 1877 साली सेंट जॉन अँब्युलन्स असोसिएशन स्थापन झाली. जर्मनीत कील येथे एस्मार्क या शल्यचिकित्सकाने 1882 साली नागरिकांसाठी असे वर्ग काढले. त्रिकोणी पट्टी बांधणे, फळी लावून हाड स्थिर करणे, दाब देऊन रक्त थांबवणे या गोष्टी मित्राच्या हातापायावर सरावाने शिकता येतात. पट्टी सैल पडली तर लगेच दिसते. पण थांबलेल्या श्वासाचा सराव कोणावर करायचा?

1903 साली शेफर या शरीरशास्त्रज्ञाने एक पद्धत सुचवली. रुग्णाला पालथे निजवायचे आणि पाठीच्या खालच्या भागावर तालात दाब द्यायचा. 1932 साली डेन्मार्कच्या होल्गर नील्सनने तीत हात उचलण्याची भर घातली. या पद्धती जगभर शिकवल्या गेल्या, त्यांच्या परीक्षा झाल्या, प्रमाणपत्रे वाटली गेली. सराव होई तो वर्गातल्याच एखाद्या मित्रावर, आणि तो उत्तम जमे. शास्त्रज्ञांनी शुद्धीत असलेल्या, श्वास रोखून धरलेल्या माणसांवर मापे घेतली, तेव्हा हवाही पुरेशी जाताना दिसली.

मग अडचण कुठे होती? अडचण त्या मित्रातच होती! जाग्या माणसाचे घशाचे स्नायू ताठ असतात, त्यामुळे त्याची श्वासवाट उघडी राहते. बेशुद्ध माणसाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे जाते आणि वाट बंद होते. ज्याच्यावर सराव केला तो शुद्धीत, आणि ज्याला वाचवायचे तो बेशुद्ध. हा फरक सुमारे अर्धे शतक नीट तपासलाच गेला नाही.

तो तपासला बाल्टिमोरच्या पीटर सफार या भूलतज्ज्ञाने, 1957 च्या सुमारास. त्याने स्वखुशीने आलेल्या निरोगी माणसांना गुंगी आणून, क्युरारेसारख्या औषधाने त्यांचे स्नायू काही काळ सैल केले. मग जुनी पद्धत आणि तोंडाने फुंकर घालण्याची पद्धत शेजारी शेजारी ठेवून मापे घेतली. जुन्या पद्धतीने बहुतेकदा पुरेशी हवा आत जातच नव्हती. डोके मागे झुकवून, हनुवटी उचलून फुंकर घातली की जात होती. फुंकर घालणाऱ्यांत डॉक्टर नसलेली साधी माणसे होती, बालवीरही होते. म्हणजे एकाच प्रयोगात दोन गोष्टी सिद्ध झाल्या: कोणती पद्धत चालते, आणि ती कोणालाही शिकवता येते.

1960 साली त्याच शहरात कौवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी छाती न उघडता, बाहेरून दाब देऊन रक्त फिरते ठेवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. यातला कौवेनहोवेन विजेचा अभियंता होता. कुत्र्यांच्या छातीवर विद्युत झटक्याची जड उपकरणे दाबली की झटक्याआधीच रक्तदाब थोडा वाढतो, या निरीक्षणातून हा शोध लागला. लागणारे साधन म्हणजे दोन हात. पण निरोगी मित्राची छाती अशी दाबणे धोक्याचे. म्हणून त्याच वर्षी नॉर्वेतल्या लार्डाल या खेळणी बनवणाऱ्याने सरावासाठी एक बाहुली तयार केली. तिचे डोके मागे झुकवले तरच हवा आत जाते आणि छाती वर उठते. वस्तादाच्या चेल्याला खांद्याकडून मिळणारे उत्तर आता श्वासाच्या बाबतीतही मिळू लागले.

अमेरिकेत खेळाडूंची काळजी घेणाऱ्या प्रशिक्षकांची राष्ट्रीय संघटना 1950 साली उभी राहिली. तिथे या व्यवसायाचे विद्यार्थी जाणत्यांच्या नजरेखाली प्रत्यक्ष मैदानावर काम करत शिकतात. आपल्या शाळांत असा वेगळा माणूस सहसा नसतो. ते काम शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकावरच पडते. म्हणून त्याच्या शिक्षणात हातांचा तास असायला हवा.

वऱ्हाडासाठी या तासात एक धडा जास्तीचा हवा, तो उष्माघाताचा. इथला पारा मे महिन्यात 45 अंशांपर्यंत आणि त्याच्याही वर जातो. खेळताना कोसळलेला मुलगा श्वास घेत असेल, पण अंग तापलेले आणि बोलणे असंबद्ध असेल, तर आधी गार करणे आणि मग दवाखान्यात नेणे हा क्रम आहे. बर्फाच्या पाण्याच्या टाकीत मानेपर्यंत बुडवणे सर्वांत परिणामकारक. मात्र डोके पाण्याबाहेर धरायला माणूस हवा. टाकी नसेल तर सर्वांगावर पाणी ओतत जोराचा वारा घालावा. आपल्या घरचा कूलर याच तत्त्वावर चालतो. हिशेब करून पाहा. 60 किलोच्या मुलाचे तापमान 2 अंशांनी उतरवायला सुमारे 100 किलोकॅलरी उष्णता काढावी लागते. ती सगळी शरीरातूनच घेतली गेली, तर जेमतेम 170 ग्रॅम पाण्याचे बाष्पीभवन पुरते! प्रत्यक्षात पाणी बरेच जास्त लागते. शिवाय ही युक्ती कोरड्या उन्हाळ्यात चालते, दमट हवेत फारशी नाही. बेशुद्ध मुलाच्या तोंडात मात्र पाणी किंवा पन्हे घालू नये. ते श्वासनलिकेत जाते.

बाहुली महाग असते हे खरे. पण ती नाही म्हणून तास सोडायचे कारण नाही. थोडी हवा काढलेला फुटबॉल जमिनीवर ठेवा, शेजारी पट्टी उभी धरा. कोपर ताठ ठेवून 5 ते 6 सेंटिमीटर दाबा आणि प्रत्येक वेळी पूर्ण सोडा. 30 सेकंदांत 50 ते 60 दाब बसले पाहिजेत, म्हणजे मिनिटाला 100 ते 120. दोन मिनिटांनी किती दमायला होते ते मुलांना अनुभवू द्या. माणूस का बदलायचा ते आपोआप कळेल. एकाने 108 ला फोन करण्याचे आणि जागेचा पत्ता नीट सांगण्याचे नाटकही करावे. दाब पुरेसा खोल गेला की नाही, हे पट्टीच सांगेल. मात्र एकमेकांच्या छातीवर हा सराव कधीही करू नये.

हृदय थांबल्यावर मेंदूला इजा व्हायला चार ते सहा मिनिटे पुरतात. मदतीची गाडी तेवढ्यात पोचेलच असे नाही. सुरुवातीच्या त्या विद्यार्थ्याला उत्तर पाठ होते. फुटबॉलवर अर्धा तास घालवलेला असता, तर एव्हाना तो गर्दी बाजूला सारून गुडघ्यांवर बसला असता.