मातीची गाडी, सोन्याची गाडी

लहान मुलाच्या वाढदिवसाचे बोलावणे आले म्हणजे घरोघर एकच खल सुरू होतो : न्यायचे काय? कपडे न्यावेत तर माप ठाऊक नसते; खेळणे न्यावे तर तसलीच तीन घरात आधीच पडलेली असतात; पाकिटात पैसे घालून द्यावेत तर ते मुलाच्या हातात क्षणभर राहून त्याच्या आईच्या पर्समध्ये जातात. आमच्या घरी असाच खल चालला असता हिने मला विचारले, "अहो, भेट मुलाला द्यायची आहे की मुलाच्या बापाला?" प्रश्न थट्टेचा होता; पण मास्तरकीची सवय! मी तो मनात धरून बसलो आणि जुनी पुस्तके चाळू लागलो. तेव्हा दिसले की हा पेच फार जुना आहे. एका संस्कृत नाटकात तर अशा एका भेटीपायी एका सज्जन बापाला वधस्थानापर्यंत जावे लागले आहे.

ते नाटक म्हणजे शूद्रकाचे 'मृच्छकटिक'. देवलांच्या संगीत नाटकामुळे ते मराठी घरांत ओळखीचे झाले. नाटकाच्या नावाचा अर्थच 'मातीची लहानशी गाडी'. उज्जयिनीचा चारुदत्त एके काळचा श्रीमंत, पण दानधर्मापायी कफल्लक झालेला. त्याचा लहानगा रोहसेन शेजारच्या मुलाच्या सोन्याच्या गाडीशी खेळून आला आहे. ती गाडी तिच्या मालकाने परत नेली. दासी रदनिकेने रोहसेनाला मातीची गाडी करून दिली, तर पोराने रडून घर डोक्यावर घेतले आहे. वसंतसेनेला ते पाहवत नाही. ती अंगावरचे दागिने उतरवते, मातीच्या गाडीत भरते आणि सांगते, यांची सोन्याची गाडी करून घे.

किती गोड प्रसंग! पण पुढचे पाहा. पदरी काही नसलेल्या बापाच्या घरात एवढे सोने राहणे बरे नव्हे, म्हणून चारुदत्त ते दागिने मैत्रेयाबरोबर परत पाठवतो. इकडे वसंतसेनेच्या खुनाचा खोटा आळ चारुदत्तावर येतो. भर न्यायसभेत शकाराशी झोंबाझोंबी करताना मैत्रेयाच्या काखेतून तेच दागिने खाली पडतात, आणि आरोपाला पुरावा मिळतो. वसंतसेना जिवंत समोर येते म्हणून चारुदत्त वाचतो, एवढेच. नाटककाराने हे सारे कथेच्या सोयीसाठी रचले असेल. पण गरिबाच्या पोराला भारी वस्तू दिली की तिचे ओझे बापाच्या डोक्यावर पडते, हे त्याने नेमके हेरले होते यात मला शंका नाही.

आपल्याकडे जुन्या काळी पाहुण्याने वाढदिवसाला काही आणावे अशी रीतच फारशी नव्हती. वाढदिवस तिथीने होई. मुलाला न्हाऊमाखू घालून ओवाळायचे, मार्कंडेयाचे आणि चिरंजीवांचे स्मरण करायचे, तीळगूळ घातलेले दूध प्यायला द्यायचे आणि घरात काही गोडधोड करायचे. मेणबत्त्या फुंकण्याचा प्रघात पुष्कळ अलीकडचा. (दिवा लावून ओवाळणाऱ्यांच्या घरात दिवा विझवून टाळ्या कशा आल्या, याचे माझ्या आजीला शेवटपर्यंत नवल वाटत होते.) बोरन्हाणात तर उलटाच न्याय. हलव्याचे दागिने घातलेल्या मुलाच्या डोक्यावर बोरे-चुरमुरे ओतायचे ते शेजारच्या पोरांनी वेचून न्यावेत म्हणून. उत्सवमूर्ती एकाची, लूट सगळ्यांची.

देण्याघेण्याचा खरा दिवस बारशाचा. अंगडे-टोपडे, कुंची, आजीच्या मऊ झालेल्या लुगड्याचे दुपटे, आणि ऐपत असेल तर चांदीचे वाळे, बिंदल्या, करदोडा. या भेटी बाळाच्या नावाने येत, पण आणणारीचे सारे लक्ष बाळंतिणीच्या गरजेवर असे. वाळ्यांच्या रुणझुणीने मूल रांगत कुठे गेले ते चुलीपाशी बसलेल्या आईला कळे. आणि दुष्काळ पडला, आजारपण आले, तर तीच चांदी सोनाराकडे जाऊन घराची चूल पेटती ठेवी. आमच्या घरी आहेरांची एक लांबट वही होती. कोणी काय दिले ते तीत टिपून ठेवायचे, कारण त्यांच्या घरी कार्य निघाले की तेवढ्याच तोलाचे परत करायचे असे. वही हिशेबाला चोख होती. पण तिच्यामुळे आमच्या आईने कित्येक बारशांना डोके दुखण्याचे निमित्त काढलेले मी पाहिले आहे.

खेळण्यांचे म्हणाल तर सावंतवाडीच्या चितारआळीचे नाव घ्यायलाच हवे. लाकूड चरकावर कातून, त्यावर रंग चढवून केलेली तिथली फळे, भाज्या, पाट, पाळणे कोकणातून घाटावर येत. तिथल्याच चिताऱ्यांच्या हातची गंजिफा मागे पडू लागली होती. राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात राजवाड्यातच कारागिरांना बसवून ती कला पुन्हा उभी केली. आणि भातुकली! पितळेची बोटभर परात, कढई, पोळपाट-लाटणे, दगडाचे इवलेसे जाते. आयांना ही भेट अतिशय पसंत, कारण मुलगी तासन् तास एका जागी बसे आणि खेळता खेळता संसार शिके. मुलांच्या हाती मात्र ती कोणी दिली नाही. दिली असती तर पुढच्या कित्येक सुनांचे कष्ट वाचले असते असे माझे मत आहे, आणि आमच्या घरात त्याला अनुमोदनही आहे.

पण भेट या शब्दाचा ज्याने खरोखर शास्त्रासारखा विचार केला तो माणूस जर्मन होता. फ्रीड्रिख फ्रोबेलचा जन्म 1782 सालचा. तो नऊ महिन्यांचा असताना आई गेली. आईविना वाढलेल्या या माणसाने पुढे सारे आयुष्य आई आणि मूल यांच्या खेळाचा विचार करण्यात घालवावे, याचे मला फारसे आश्चर्य वाटत नाही. 1837 साली थुरिंगियातल्या ब्लांकेनबुर्ग गावी त्याने लहान मुलांसाठी खेळाची साधने तयार करायला घेतली आणि त्यांना नावच 'भेटी' असे दिले. पहिली भेट म्हणजे लोकरीने विणलेले सहा रंगांचे सहा चेंडू, दोरीला बांधलेले. दुसरी, लाकडाचा गोल, घन आणि त्या दोहोंच्या मधला दंडगोल. तिसरी म्हणजे एक लाकडी घन, पण आठ सारख्या तुकड्यांत कापलेला. मुलाने त्याची खुर्ची करावी, जिना करावा, विहीर करावी.

या तिसऱ्या भेटीची पेटी मला फार आवडते. सरकते झाकण असलेली ती पेटी मेजावर उपडी ठेवायची, झाकण ओढून घ्यायचे आणि पेटी अलगद वर उचलायची. घन जसाच्या तसा मुलासमोर उभा. खेळ संपला की त्याच आठ तुकड्यांचा पुन्हा घन करून पेटीत घालायचा. म्हणजे पसारा आवरणे हाही खेळाचाच शेवटचा डाव! आयांच्या पसंतीचा याहून मोठा विचार कोणी केला असेल असे वाटत नाही. 1844 साली त्याने खास आयांसाठी गाण्यांचे आणि बोटांच्या खेळांचे पुस्तक काढले. भेट देऊन पाहुण्याने निघून जायचे नाही, आईने मुलाजवळ बसायचे, ही त्याची अटच होती.

त्याचे फळ काय मिळाले? 1851 साली प्रशियाच्या सरकारने बालोद्यानांवर बंदी घातली. त्यांतून नास्तिकपणा आणि समाजवाद शिकवला जातो असा संशय. त्यात कार्ल नावाच्या पुतण्याच्या लेखनाची आणि काकाच्या कार्याची गल्लत झाली. लाकडाच्या ठोकळ्यांना राज्य भ्यावे! पुढच्याच वर्षी फ्रोबेल वारला. बंदी उठली ती 1860 साली. तोवर त्याचे शिष्य परदेशी पांगले होते. 1876 साली फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात एका अमेरिकन आईने या भेटी पाहिल्या आणि आपल्या आठ-नऊ वर्षांच्या मुलासाठी आणल्या. तो मुलगा म्हणजे विख्यात वास्तुशिल्पी फ्रँक लॉइड राइट. ते लाकडी ठोकळे आपल्या बोटांतून कधी गेलेच नाहीत, अशा अर्थाचे त्याने म्हातारपणीही सांगितले आहे.

रोममध्ये 1907 साली मारिया मॉन्टेसरीने गरीब वस्तीत बालगृह उघडले, तेव्हा तिथे चांगल्यापैकी बाहुल्या आणि खेळणीही ठेवली होती. मुले त्यांच्याकडे फिरकेनात; त्यांना हाताला काम देणारी साधने हवी होती. ती साधने महाग. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी 1926 साली नूतन बाल शिक्षण संघ काढला, आणि पुढे 1945 साली ताराबाई बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी गेल्या तेव्हा हीच अडचण समोर उभी राहिली. अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. दोघींनी शिंपले, बिया, खडे, पाने, माती यांचीच साधने केली. 1957 नंतर कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांतही तेच चालले. म्हणजे मातीची गाडी पुन्हा मानाने घरात आली, आणि या खेपेला कोणी रडले नाही.

आता हे सारे वाचून मी बाजारात काय घेतो, असे आपण विचाराल. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला बारीक सुटे भाग असलेले किंवा बटणाएवढ्या सेलचे काहीही घेत नाही. 2021 पासून खेळण्यांवर आयएसआयची खूण सक्तीची झाली आहे, ती चष्मा लावून पाहतो. वाजणारी वस्तू दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात नेत नाही. एका घरी कोणी भोंग्याची गाडी दिली होती. आईने हसून घेतली आणि आठवड्याभरात ती कपाटावर गेली. "सेल संपले," असे मुलाला सांगितले होते म्हणे. वाचत्या वयाच्या मुलाला 'किशोर'ची वर्षाची वर्गणी भरतो. अंक घरी आला की आधी बाप वाचतो, हे मला पक्के ठाऊक आहे. आणि किंमत यजमानाच्या ऐपतीकडे पाहून ठरवतो, माझ्या नव्हे. परत करताना त्याला जड जाऊ नये.

येत्या मार्गशीर्षात शेजारच्या नातीला वर्ष पुरे होते आहे. फ्रोबेलची पहिली भेट घरीच करायची असे ठरले आहे. तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा असे पाच चेंडू हिने विणून ठेवले आहेत. जांभळी लोकर मात्र दोन दुकाने पालथी घातली तरी अजून मिळालेली नाही.