खिशाआधीची पिशवी

लग्नसराईत पुण्याच्या तुळशीबागेत खणाचे, पैठणीच्या काठांचे, गोंडे लावलेले बटवे ओळीने टांगलेले असतात आणि विक्रेते त्यांना ‘पोटली’ म्हणतात. ‘रेट्रो पोटली’ असंही म्हणतात. वस्तू आपली, शब्द मात्र शेजारचा. त्याबद्दल तक्रार करायची ती शब्द हिंदी आहे म्हणून नव्हे, तर मराठीने इथे जो भेद नीट सांभाळून ठेवला आहे तो पुसला जातो म्हणून. पोटळी किंवा पुरचुंडी शिवलेली नसते. फडक्याची चार टोकं एकत्र आणून गाठ मारली की पुरचुंडी झाली. सुदाम्याचे पोहे अशा पुरचुंडीत होते. बटवा शिवलेला असतो. त्याच्या तोंडाशी ओवलेले दोन बंद दोन बाजूंना ओढले की तोंड मिटतं. आत खण असतात, आणि बटवा खणाच्या कापडाचा असेल तर एकच शब्द आत कप्पा होतो आणि बाहेर कापड. गुळेदगुड्डच्या मागावर विणलेला खण चोळीसाठी बेतलेला असायचा. आता त्याच्या पर्स होतात, आणि त्या सुंदर दिसतात.

बटव्यात काय असायचं? नाणी, सुपारी, वेलदोडा, लवंग आणि सुंठ, जायफळ, वेखंड. या शेवटच्या तिघांमुळे ‘आजीबाईचा बटवा’ हा शब्दप्रयोग इतका रुजला की आज बटवा म्हटलं की पिशवीआधी औषध आठवतं. पानतंबाखूची पिशवी वेगळी. ती चंची: लांबट, घड्यांची, गुंडाळून ठेवायची. कानडीत ‘संची’ म्हणजे पिशवी. सतराव्या शतकात म्हैसूरच्या चिक्कदेवराजाच्या राजवाड्यात विड्याची पिशवी सांभाळणारी एक स्त्री होती. तिने ‘हदिबदेय धर्म’ हे काव्य लिहिलं, आणि कन्नड साहित्य तिला आजही संची होन्नम्मा म्हणून ओळखतं. हातातली पिशवी कवयित्रीच्या नावाचा भाग झाली, असं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही.

मला सगळ्यात मोह आहे तो ‘खिसा’ या शब्दाचा. तो फारसी ‘कीसा’वरून आला, आणि कीसा म्हणजे पिशवी. कपड्याला शिवलेला कप्पा हा अर्थ मागाहूनचा. इंग्रजीतही हेच घडलं. ‘पोक’ म्हणजे पिशवी आणि ‘पॉकेट’ म्हणजे छोटी पिशवी. दोन्हीकडे आधी पिशवी सुटी होती, कमरेला लटकत होती. मग ती कपड्यात शिवली गेली आणि नाव सोबत घेऊन आत गेली.

पैसा कुठे ठेवला जात होता हे चोरांच्या नावांवरूनही कळतं. संस्कृतात ‘ग्रंथिभेद’ असा शब्द आहे. गाठ सोडवणारा, कापणारा चोर. मनुस्मृतीत त्याला शिक्षाही सांगितली आहे. म्हणजे पैसे वस्त्राच्या गाठीत बांधलेले असत. आपल्या बायका परवापरवापर्यंत नाणी कनवटीला लावत होत्या, ती हीच रीत. इंग्रजीतला जुना चोर ‘कटपर्स’, कारण तिकडे थैली पट्ट्याला टांगलेली असे. मराठीत खिसेकापू आहे आणि पाकीटमारही. ‘पॅकेट’चं आपण केलेलं ‘पाकीट’ टपालातही चालतं आणि खिशातही.

‘पर्स’ मुळात कातडं. ग्रीक ‘बुर्सा’ म्हणजे सोललेलं चामडं. त्यावरून लॅटिनमध्ये चामड्याची थैली, आणि त्याच कुळात युरोपातल्या शेअरबाजाराचं ‘बोर्स’ हे नाव. फ्रेंचमधल्या छोट्या चामडी थैलीला ‘बुजेत’ म्हणत. तिचं ‘बजेट’ झालं. आपल्याकडेही थैलीला असंच मोठेपण मिळालं. सत्कारात थैली अर्पण होते आणि धनवंताला आपण थैलीशहा म्हणतो.

फ्रान्समध्ये राज्यक्रांतीनंतर, १७९०च्या दशकात, बायकांच्या पोशाखाची तऱ्हा पालटली. तोवर घेरदार झग्याखाली कमरेला बांधलेले सुटे खिसे असत. आता झगे इतके पातळ आणि अंगासरशी झाले की आत खिसा ठेवला तर फुगवटा दिसे. खिसा पुन्हा बाहेर आला आणि दोरीने मिटणाऱ्या छोट्या पिशवीच्या रूपात हाती लटकला. तिचं नाव ‘रेतिक्यूल’, लॅटिनमधल्या ‘जाळी’वरून. डोळ्यातला ‘रेटिना’ही त्याच जाळीचा. लोकांनी तिला चेष्टेने ‘रिदिक्यूल’, म्हणजे हास्यास्पद, म्हटलं, पण पिशवी टिकली. तिची बांधणी पाहिली तर ती सरळ बटव्याचीच आहे.

आता दुकानदारांचे दोन आवडते शब्द. ‘व्हिंटेज’ द्राक्षमळ्यातून आला. लॅटिनमध्ये ‘विंदेमिया’, द्राक्षांची तोडणी. मग अमुक सालच्या तोडणीची मद्यं, मग कोणत्याही वस्तूचं साल. जुन्या मोटारींच्या शौकिनांनी १९३४ साली इंग्लंडमध्ये क्लब काढला तेव्हा हाच शब्द नावात घेतला. म्हणजे व्हिंटेज या शब्दात नुसता जुनेपणा नाही, हंगाम आहे. ‘ही कोणत्या सालची?’ या प्रश्नाला ज्या बॅगेपाशी उत्तर नाही, तिला हे नाव शोभत नाही. ‘रेट्रो’ याच्या अगदी उलट. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘मागे’. १९७०च्या दशकात फ्रेंच फॅशनने तो उचलला. रेट्रो वस्तू आजची असते, फक्त तिची नजर मागे असते. ती विकत घेण्यात काहीच कमीपणा नाही. कमीपणा आहे तो रेट्रोला व्हिंटेजचा भाव लावण्यात. ‘अँटिक’ तर आपल्या कायद्याने बांधलेला आहे. १९७२च्या पुरावस्तूविषयक कायद्यात वस्तू सर्वसाधारणपणे निदान १०० वर्षांची लागते.

वस्तूचं वय शब्दावरूनही पकडता येतं. आपण जिला चेन म्हणतो तिचं ‘झिपर’ हे नाव अमेरिकेतल्या बी. एफ. गुडरिच कंपनीने १९२३ साली आपल्या रबरी बुटांसाठी रूढ केलं. राणी व्हिक्टोरिया १९०१ सालीच वारली. तिच्या काळातली म्हणून दाखवलेल्या बॅगेला मुळातलीच म्हणून चेन असेल, तर पुढे भाव करत बसू नये.

जुनं विकत घेणाऱ्याने आणखी एक शब्दजोडी ध्यानात ठेवावी. ज्ञानेश्वरीत ‘भांगार’ म्हणजे सोनं, आणि गोव्यात सोन्याला आजही भांगर म्हणतात. तो संस्कृत ‘भृंगार’चा वंशज. आपलं मोडतोडीचं ‘भंगार’ मात्र ‘भंग’ या दुसऱ्या मुळाचं. ‘भांगार’ आणि ‘भंगार’ यांत अंतर एका कान्याचंच, आणि दारावर हाळी देणारा भंगारवाला दोन्ही प्रकारचा माल एकाच पोत्यात घेऊन जातो. म्हणून घरातली पितळी कडीची जुनी पर्स त्याला देण्याआधी उजेडात उलटी करून पाहावी. अस्तरावर कधी दुकानाचं नाव, कधी गावाचं नाव छापलेलं सापडतं, आणि त्यावरून तिचा हंगाम काढता येतो.