नाकातील अर्श आणि कोंडलेला प्राणवायू

कामगारांत हिंडणाऱ्या आमच्यासारख्याने नाकाच्या रोगावर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु जिनमध्ये धोक्याची पहिली सूचना नाकच देते. रुईच्या ढिगात आग आतल्या आत धुमसते. धूर दिसण्यापूर्वी वास येतो. आमच्या एका सोबत्याला तो वास येईनासा झाला होता. ‘सर्दी आहे’ म्हणत त्याने दोन वर्षे काढली. शेवटी डॉक्टर म्हणाले, नाकात मांस वाढले आहे. कापसाच्या धुळीनेच ते वाढले, असा आमचा दावा नाही.

रोग जुना आहे. सुश्रुतसंहितेत नाकातील अर्शांची लक्षणे दिली आहेत: फार पडसे, शिंका, कोंडलेला श्वास, गेंगाणा उच्चार, डोकेदुखी. औषध, क्षार, अग्नी आणि शस्त्र हे अर्शावरचे चार उपाय. ग्रीसमध्ये हिपोक्रेटीसच्या परंपरेतले वैद्य दोऱ्याला स्पंज बांधून तो नाकातून घशाकडे ओढीत आणि मांस उपटून काढीत. काढण्याची विद्या अशी फार जुनी. ते वाढते कशाने, हा प्रश्न मात्र उरला.

१९७४ साली स्वीडनच्या औस्ट व ड्रेटनर यांनी गालाच्या हाडातील पोकळीत प्राणवायू किती असतो, ते मोजले. पोकळीचे तोंड बंद झाले की तो घटतो, असे त्यांना आढळले. पुढे अमेरिकेत ग्रेग सेमेन्झा यांनी, प्राणवायू कमी पडताच पेशीत कामाला लागणारे प्रथिन शोधले. या विषयासाठी त्यांना, विल्यम केलिन व पीटर रॅटक्लिफ यांच्यासह, २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या प्रथिनाच्या हुकुमाने नव्या रक्तवाहिन्या फुटतात. वाहिन्यांतून पाणी पाझरते, अस्तर सुजते. सुजेने तोंड आणखी मिटते, प्राणवायू आणखी घटतो. असे हे रहाटगाडगे फिरत असावे.

हेच एक कारण, असे मात्र कोणी समजू नये. अ‍ॅलर्जी, दमा, जंतू यांचाही संबंध असतो. शिवाय प्राणवायू घटला म्हणून मांस वाढले, की मांस वाढले म्हणून प्राणवायू घटला, हा वाद मिटलेला नाही.

तीन महिने नाक बंद राहिले, वास गेला, तर ती साधी सर्दी नव्हे, डॉक्टरांना दाखवावे. इतक्या वर्षांत आम्ही मालकांकडे मजुरीचा दर मागितला, बोनस मागितला. सोबत्याला मात्र ‘तुला वास येतो का?’ असे कधी विचारले नाही. ती चूक आमची.