जावास्क्रिप्टमधील फंक्शनची व्याख्या

जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेत फंक्शन म्हणजे एखादे ठरावीक काम करणारा आणि हवा तेव्हा चालवता येणारा सूचनांचा संच होय. या भाषेत फंक्शन हे संख्येप्रमाणेच एक मूल्य मानले जाते; ते व्हेरिएबलमध्ये साठवता येते किंवा दुसऱ्या फंक्शनला देता येते. फंक्शनची व्याख्या अनेक पद्धतींनी करता येते. ते केव्हापासून वापरता येईल आणि त्यातील 'धिस' या शब्दाचा अर्थ कसा ठरेल, हे निवडलेल्या पद्धतीवर अवलंबून असते.

फंक्शन डिक्लरेशन

ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत ही भाषा तयार केली, तेव्हापासून ही पद्धत प्रचलित आहे. 'फंक्शन' या शब्दानंतर नाव, साध्या कंसात पॅरामीटर आणि महिरपी कंसात सूचना लिहितात. प्रोग्राम चालू होण्यापूर्वीच अशा व्याख्यांची नोंद घेतली जाते. त्यामुळे फंक्शनचा वापर व्याख्येच्या आधीच्या ओळीतही करता येतो. यास 'होइस्टिंग' म्हणतात.

फंक्शन एक्स्प्रेशन

येथे फंक्शन मूल्य म्हणून व्हेरिएबलला दिले जाते. त्याला स्वतःचे नाव असलेच पाहिजे असे नाही. 'कॉन्स्ट' किंवा 'लेट' वापरले असल्यास त्या ओळीपूर्वी फंक्शन वापरताच त्रुटी येते. १९९९ च्या एक्मास्क्रिप्ट ३ या आवृत्तीत या पद्धतीचा प्रमाण भाषेत समावेश झाला.

ॲरो फंक्शन

२०१५ च्या आवृत्तीत '=>' हे चिन्ह वापरणारी ही संक्षिप्त पद्धत आली. एकच पदावली असल्यास महिरपी कंस आणि 'रिटर्न' लिहावे लागत नाही. मात्र कंस वापरल्यास मूल्य परत देण्यासाठी 'रिटर्न' आवश्यक ठरते.

साध्या फंक्शनमध्ये 'धिस' चा अर्थ ते कसे चालवले जाते यावरून ठरतो. ॲरो फंक्शनला स्वतःचे 'धिस' नसते. ते सभोवतालच्या कोडमधून घेतले जाते. उदाहरणार्थ, ऑब्जेक्टच्या मेथडमध्ये 'सेटटाइमआउट' ला साधे फंक्शन दिल्यास त्यातील 'धिस' त्या ऑब्जेक्टकडे निर्देश करत नाही; ॲरो फंक्शन दिल्यास करते. याच कारणामुळे ऑब्जेक्टची मेथडच ॲरो फंक्शन म्हणून लिहिणे सहसा चुकीचे ठरते. ॲरो फंक्शन 'न्यू' सोबत वापरता येत नाही.

इतर पद्धती

मेथडची संक्षिप्त व्याख्या आणि तारांकन चिन्हाने दर्शवले जाणारे जनरेटर फंक्शन २०१५ मध्ये, तर 'असिंक' फंक्शन २०१७ मध्ये भाषेत आले. 'फंक्शन' कन्स्ट्रक्टर मजकुरापासून फंक्शन बनवतो. अशा फंक्शनला सभोवतालचे स्थानिक व्हेरिएबल दिसत नाहीत. बाहेरून आलेला मजकूर त्यात वापरल्यास घातक कोड चालण्याचा धोका असल्याने ही पद्धत टाळली जाते.