ट्रॉम्बेचा संगणक आणि चुकलेली वेळ

ट्रॉम्बे म्हटले की अप्सरा, सायरस या अणुभट्ट्या आठवतात. संगणक सहसा आठवत नाही. पण भारतात आराखडा होऊन कारखान्यात तयार झालेल्या पहिल्या संगणकमालेचे नावच 'टीडीसी', म्हणजे ट्रॉम्बे डिजिटल कॉम्प्युटर, असे होते. तिचा इतिहास आम्हाला विचारात टाकतो.

अणुसंशोधनात असंख्य मोजमापे क्षणोक्षणी टिपावी लागतात. या गरजेतून १९६९ मध्ये ट्रॉम्बे येथे टीडीसी-१२ हा १२ बिटांचा संगणक सुरू झाला. त्याचे उत्पादन हैदराबादच्या ईसीआयएल या सरकारी कंपनीकडे गेले. ट्रॉम्बेच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाच्या कामातूनच ही कंपनी १९६७ मध्ये, अय्यगारी सांबशिवराव यांच्या पुढाकाराने, उभी राहिली होती. पुढे टीडीसी-३१६ व टीडीसी-३३२ हे संगणकही आले. देशी संगणकांच्या क्षेत्रात ईसीआयएलचे स्थान पक्के होते.

मग गाडी कुठे चुकली? त्या काळी संगणकाचा मेंदू म्हणजे सुट्या घटकांनी भरलेल्या अनेक पट्ट्या असत. त्या जुळवणे हेच उत्पादकाचे खरे कसब. १९७१ मध्ये इंटेलने ४००४ हा मायक्रोप्रोसेसर बाजारात आणला आणि हा मेंदू नखाएवढ्या चकतीवर मावू लागला. चकती विकत घेऊन संगणक बांधणे नवख्यांनाही शक्य झाले. १९७६ मध्ये स्थापन झालेल्या एचसीएलने दोनच वर्षांत आपला संगणक बाजारात आणला. १९७८ मध्येच आयबीएमने भारत सोडला आणि मोठी जागा रिकामी झाली. ती भरण्यात खाजगी कंपन्या पुढे गेल्या. ईसीआयएलनेही मायक्रोप्रोसेसरची यंत्रे काढली, पण या लहान यंत्रांच्या बाजारात तिला पूर्वीचे स्थान मिळाले नाही. १९८४ च्या नव्या संगणक धोरणाने सुट्या भागांची आयात सोपी केली, तेव्हा तर स्पर्धक आणखी वाढले.

याचा दोष केवळ सरकारी कारभाराला द्यावा का? आम्हाला तसे वाटत नाही. एक तर स्वावलंबन हे ईसीआयएलचे नेमून दिलेले काम होते. परकीय चलनाची टंचाई होती. दुसरे असे की, अमेरिकेतील डेक या खाजगी कंपनीचीही हीच गत झाली. १९६५ मध्ये १२ बिटांचा गाजलेला पीडीपी-८ काढणाऱ्या या कंपनीचा वैयक्तिक संगणक १९८२ मध्ये, आयबीएमनंतर वर्षभराने आला आणि तो चालला नाही. १९९८ मध्ये कॉम्पॅकने डेकच विकत घेतली. टॅब्लेटच्या वेळीही तेच घडले. अ‍ॅपलचा आयपॅड २०१० मध्ये आला. एचपीने २०११ च्या जुलैत आणलेला टचपॅड ऑगस्टमध्येच बंद केला. जुन्या वस्तूवर कंपनीचे उत्पन्न व कौशल्य उभे असते, म्हणून नवी वस्तू आरंभी खेळण्यासारखी वाटते.

ट्रॉम्बेने मात्र पुढे वेगळी वाट धरली. १९९० च्या दशकाच्या आरंभी भाभा अणुसंशोधन केंद्राने 'अनुपम' हा महासंगणक बांधला, तो बाजारात मिळणारे अनेक मायक्रोप्रोसेसर एकत्र जोडून! सारे काही स्वतः घडवण्याचा हट्ट सोडून जोडणीच्या विद्येवर भर दिला गेला.

वर्गात एक गणित घालून पाहावे. १२ बिटांत ४,०९६ पत्ते लिहिता येतात. प्रत्येक पत्त्यावर १२ बिटांचा एक शब्द धरला, तर एकूण ६,१४४ बाइट होतात. आजच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. मग तेवढ्या स्मृतीत हा लेख मावेल का? विद्यार्थ्यांना चिन्हे मोजू द्यावीत.