संस्था टिकतात कशा? : सार्वजनिक सभेपासून आपल्या मंडळापर्यंत

सुवर्णमहोत्सव म्हटला की गतकाळाचा गौरव ओघानेच येतो आणि तो यावाही. परंतु पन्नाशी गाठलेल्या संस्थेवर आणखी एक जबाबदारी येऊन पडते, ती म्हणजे पुढील पन्नास वर्षांचा विचार करण्याची. वर्गणीवर आणि सभासदांच्या फावल्या वेळातील निरपेक्ष कामावर चालणाऱ्या मंडळाला कसली आली आहे योजना, असे पुष्कळांस वाटते. गणेशोत्सव, कोजागिरी, तिळगूळ, वार्षिक नाटक हे चक्र आपले आपण फिरत असते, अशी आपली समजूत असते. वस्तुतः जेथे पगार नाही, हुकूम नाही आणि बढतीचे आमिष नाही, तेथेच आखणीची गरज अधिक. कारण तेथे माणसाला धरून ठेवणारे दुसरे बंधनच नसते. ही गोष्ट महाराष्ट्रातील आपल्या पूर्वसूरींनी शतकापूर्वीच ओळखली होती.

पुण्याची सार्वजनिक सभा २ एप्रिल १८७० रोजी स्थापन झाली. पर्वतीच्या देवस्थानाच्या कारभाराविषयी लोकांच्या ज्या तक्रारी होत्या, त्यांतून तिचा उगम झाला. गणेश वासुदेव जोशी हे तिचे प्रवर्तक; या कामामुळेच ते पुढे ‘सार्वजनिक काका’ या नावाने ओळखले जाऊ लागले. चार प्रतिष्ठित मंडळी जमवून सभा काढणे त्या काळीही अवघड नव्हते. पण ‘तुम्ही बोलता ते कोणाच्या वतीने?’ हा प्रश्न अशा प्रत्येक सभेला विचारला जाई आणि त्याला उत्तर नसे. सभेने ते उत्तर आपल्या नियमांतच घालून ठेवले. ज्याला सभासद व्हायचे असेल त्याने किमान ५० प्रौढ व्यक्तींच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे, असा तो नियम होता. आरंभी ९५ प्रतिनिधी जमले आणि त्यांच्या पाठीशी सुमारे ६,००० लोकांच्या सह्या होत्या. वर्गणी भरली म्हणजे सभासदत्व मिळाले असे तेथे नव्हते. आधी लोकांच्या दारी जावे लागे. १८७६-७७ च्या दुष्काळात खेडोपाडीची माहिती गोळा करून ती सरकारपुढे मांडण्याचे काम सभा करू शकली, त्यामागे लोकांशी जडलेला हा संबंध होता.

मात्र याच सभेचा उत्तरकाळ आपल्याला दुसरा धडा देतो. १८९५ मध्ये सभेच्या कार्यकारी मंडळाच्या निवडणुकीत लोकमान्य टिळकांच्या पक्षाला बहुमत मिळाले. पुढच्याच वर्षी न्यायमूर्ती रानडे व गोखले यांनी ‘डेक्कन सभा’ ही निराळी संस्था काढली आणि १८९७ मध्ये सरकारने सार्वजनिक सभेची मान्यता काढून घेतली. दोन्ही पक्ष थोर होते, दोहोंची देशभक्ती निर्विवाद होती. तरीही पराभूत पक्षाला घरातच सन्मानाने राहता येईल अशी जागा उरली नाही, आणि एका घराची दोन घरे झाली. मोठ्यांच्या बाबतीत जे घडले ते लहान मंडळांत घडणार नाही, असे समजण्याचे कारण नाही.

१८८४ साली स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा मार्ग याहून वेगळा होता. तेथे आजीव सभासदांनी वीस वर्षे अल्प वेतनावर सेवा करण्याचे व्रत घेतले. त्यांच्यातही मतभेद झाले. आजीव सभासदाने आपली सर्व शक्ती संस्थेलाच द्यावी की बाहेरची कामेही करावीत, या वादातून १८९० मध्ये टिळक बाहेर पडले. एवढा पुरुष गेला तरी संस्था खचली नाही. कारण कोणाकडून किती वर्षांची सेवा अपेक्षित आहे, हे तिच्या नियमांत आधीच स्पष्ट होते. कारभार व्यक्तीच्या तेजावर विसंबून नव्हता.

या दोन्ही अनुभवांतून गेलेल्या गोपाळ कृष्ण गोखले यांनी १२ जून १९०५ रोजी भारत सेवक समाजाची स्थापना केली, तेव्हा त्यांनी संख्येचा मोह कटाक्षाने टाळला. प्रारंभी त्यांच्यासह अवघे चार सदस्य होते. नव्या सदस्याला सात प्रतिज्ञा घ्याव्या लागत आणि पाच वर्षे शिक्षणात घालवावी लागत. त्याहून लक्षणीय आहे ती त्यांच्या नंतरची व्यवस्था. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखले निवर्तले. गोपाळ कृष्ण देवधर हे पहिल्या दिवसापासूनचे सहकारी होते. तरीही अध्यक्षपदाची धुरा आली ती श्रीनिवास शास्त्री यांच्याकडे. आपल्या याच शहरातील त्रिप्लिकेनच्या हिंदू हायस्कुलाचे मुख्याध्यापकपद सोडून ते १९०७ मध्ये समाजात दाखल झाले होते. पुण्यात जन्मलेल्या संस्थेचे सुकाणू एका तमिळ शिक्षकाच्या हाती गेले, आणि देवधरांनी त्यांच्या हाताखाली काम करून १९२७ मध्ये ते पद स्वीकारले. संस्थेचे वय वाढते ते अशा मनाच्या मोठेपणाने.

या भूमीतही आपले पूर्वज स्वस्थ बसले नव्हते. व्यंकोजीराजांच्या काळापासून तंजावरकडे स्थिरावलेल्या मराठी कुळांपैकी राजा सर टी. माधवराव हे १८८७ साली मद्रासेत भरलेल्या काँग्रेसच्या तिसऱ्या अधिवेशनाचे स्वागताध्यक्ष होते. त्याच वेळी रानडे यांच्या प्रेरणेने येथे पहिली सामाजिक परिषद भरली आणि तिच्या कार्याचा भार दिवाणबहादूर आर. रघुनाथराव यांनी उचलला. पुढे १९१२ साली याच शहरात महरठा एज्युकेशन फंडाची स्थापना झाली. दक्षिणेतील मराठी विद्यार्थ्यांना शिक्षणासाठी साहाय्य करावे, एवढाच त्याचा हेतू. उद्देश एकच आणि स्पष्ट, त्यामुळे देणाऱ्याला आपण कशासाठी देतो हे समजते.

आता आपल्याकडे वळू. आपल्या मंडळाची प्रकृती पुण्यातील संस्थांपेक्षा नाजूक आहे. आपले निम्मे बळ बदलीच्या नोकऱ्यांत आहे. रेल्वे, बँका, सैन्यदल, केंद्र सरकारची कार्यालये यांतून माणूस येतो, तीन-चार वर्षे उत्साहाने राबतो आणि बदलीचा कागद हाती पडताच निघून जातो. त्याच्याबरोबर हिशेबाची पद्धत, सभागृहवाल्याची ओळख, जुन्या देणगीदारांचे पत्ते हेही निघून जातात. दुसऱ्या बाजूला येथेच जन्मलेली आपली मुले घरात मराठी बोलतात, पण ती वाचत नाहीत. तंजावरी मराठी कुटुंबे तर आपल्या कार्यक्रमांना पाहुण्यासारखी येतात. या तिघांना एका चटईवर बसवता आले नाही, तर हीरकमहोत्सव साजरा करण्यास सभासद असतील. पण ते सारे साठीच्या पुढचे असतील.

म्हणून काही सूचना नम्रपणे मांडतो. कार्यकारिणीच्या प्रत्येक सदस्याने वर्षातून एकदा किमान दहा कुटुंबांच्या घरी जावे आणि त्यांची अपेक्षा लिहून आणावी. हेच आपले मुखत्यारपत्र. तमिळनाडूच्या १९७५ च्या संस्था नोंदणी कायद्याने कार्यकारिणीची मुदत तीन वर्षांहून अधिक ठेवता येत नाही. कायदा फेरनिवड करू देतो. परंतु एकाच पदावर लागोपाठ दोनदाच, असा संकेत आपण स्वतःहून पाळावा. प्रत्येक चिटणिसाच्या हाताखाली एक तरुण सहचिटणीस असावा आणि त्याला दप्तर समजावून दिल्याशिवाय निरोपसमारंभ होऊ नये. उत्सवाचा खर्च त्या वर्षीच्या वर्गणीतून व्हावा. कायमनिधीला हात लावू नये, त्याचे व्याज मुलांच्या मराठी वर्गाला आणि ग्रंथालयाला लागावे. निवडणुकीत मागे पडलेल्यांना एखादी समिती आवर्जून सोपवावी. आणि तंजावरी मराठी घरातील कोणी अध्यक्षपदी आले, तर ते आपणांस नवल वाटू नये.

यातील कोणत्याही गोष्टीला मोठे भांडवल लागत नाही. लागते ती एक वही, थोडे सातत्य आणि आपल्यामागून येणाऱ्यावर विश्वास ठेवण्याची तयारी. या महोत्सवी वर्षाच्या सर्वसाधारण सभेत यांपैकी दोन ठराव जरी संमत झाले, तरी दिव्यांच्या रोषणाईपेक्षा त्यांचा उजेड अधिक काळ टिकेल.